निरोगी वर्गाची पताका

रोसांडा बाईंच्या वर्गात नापास व्हायची सोयच नव्हती. आलुबुखाऱ्याच्या बागांमधल्या त्या सर्बियन गावात त्यांनी दोन पिढ्या बदडून शहाण्या केल्या होत्या, आणि बदडल्याबद्दल बापलोक हौसेनं राकिया दारूची बाटली पोचवायचे. नवरा नाही, मूल नाही. वर्गाच्या दारावरची लाल पताका हाच काय तो बाईंचा संसार. ‘सर्वांत निरोगी वर्ग’ असं तिच्यावर लिहिलेलं. जिल्ह्याची नर्स दर वसंतात नखं, दात, डोळे तपासून ती पताका द्यायची.

डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता मात्र शाळेच्याच भिंतीवर टांगलेला असे. नर्स यायची ती नुसती छडी घेऊन. मग काय, बाईंनी डोळ्यांचीसुद्धा परीक्षा करून टाकली. पाढ्यांसारखा तो तक्ता रोज घोकून घ्यायचा. श, ब, म, न, क. जो चुकेल त्याची रवानगी मागच्या कोपऱ्यात, गाढवांच्या बाकावर.

पहिलीतली ग्रोझ्दाना रोज चुकायची. उजवा डोळा झाकला की तिची बोलतीच बंद.

“कॉम्रेड बाई, पोरीचा डावा डोळा नाकाकडं वळतोय,” तिची आई कोसारा दारात उभी राहून म्हणाली. “शहरातल्या डॉक्टरकडं नेऊ का?”

“डोळ्याला काय धाड भरलीय? पोरगी आळशी आहे तुझी. डॉक्टरनं कागदावर काही खरडलं तर माझी पताका जाईल, ती तू आणून देणार? थांब जरा. वसंतात नर्सच सांगेल.”

कोसारा बिचारी मान खाली घालून गेली. बाईंपुढं तिनं तरी कधी तोंड उघडलं होतं? लहानपणी ती स्वतःही बाईंच्या त्याच बाकावर बसलेली.

हिवाळाभर ग्रोझ्दाना गाढवांच्या बाकावर बसून घोकत राहिली. वसंतात नर्सनं तिचा उजवा डोळा झाकला आणि पोरीनं अख्खा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. नर्स खूश. पताका दारावरच राहिली. बाईंनी कोसाराला सगळ्यांदेखत सुनावलं, “बघितलंस? आता पुन्हा डोळ्याचं नाव काढू नकोस.”

तिनं काढलंही नाही. चौथीत ग्रोझ्दाना डाव्या बाजूनं आलेल्या बैलगाडीखाली जाता जाता वाचली, तेव्हा कुठं कोसारा पोरीला घेऊन शहरात गेली. बाईही सोबत गेल्या. डॉक्टरला चार शब्द ऐकवायचे होते ना!

डॉक्टरनं पोरीचा उजवा डोळा झाकला. समोर चित्रांचा तक्ता होता. बदक, घर, तारा.

“काय दिसतंय, बाळ?”

ग्रोझ्दाना ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “श, ब, म, न, क.”

डॉक्टरनं पोरीचा डावा डोळा जवळून तपासला. मग तो कोसाराकडे वळला.

“पहिलीत आणलं असतं तर चांगला डोळा झाकून ह्या वळलेल्या डोळ्याला कामाला लावलं असतं. तेव्हा जमलं असतं. आता हा डोळा गेल्यातच जमा आहे.”

कोसारानं वळून बाईंकडे पाहिलं. बाई तक्त्यावरच्या बदकाकडे बघू लागल्या.

उत्तर चुकलं की मोठ्यांचे चेहरे असेच होतात, हे पोरीला ठाऊक होतं.

“चुकलं का, कॉम्रेड बाई?” तिनं विचारलं. “पुन्हा म्हणते. मागं नका ना बसवू.”