साडभाऊंचा डावा पट्टा

आमच्या साडभाऊंचे पाय पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत जितक्या लोकांनी पाहिले, तितक्यांनी त्यांचं तोंड पाहिलं नसेल. माणूस सदा कुठल्या ना कुठल्या गाडीखाली. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. धंद्याने मिस्त्री आणि स्वभावाने त्याहून जास्त मिस्त्री. सावरगावला मेव्हण्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, तेव्हा वऱ्हाडाच्या बसखालून दोन काळे हात बाहेर आले. कोणीतरी त्यांत अक्षता ठेवल्या आणि त्या त्यांनी तिथूनच फेकल्या. नवरा-नवरीपर्यंत एकही पोचली नाही, पण बस वेळेवर सुटली. बायकोला ते अरे-तुरे करत, इंजिनाला मात्र अहो-जाहो. "बसा जी, बसा," असं समजावत नट आवळत. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. सगळी मापं बोटांनी. "टेप बजारातून आणला, बोटं घरची हायेत," म्हणत. मी शिकलेला, इंग्रजी वाचणारा. मला याचं हसू यायचं. खरं हसण्यासारखं कोण होतं, ते आता सांगतो.

ऐंशीच्या दशकात सौसरकडच्या एका मँगनीज खाणीवर मी मजुरांची हजेरी मांडायला होतो. पाच वर्षांतली ती माझी चौथी नोकरी. आधीच्या तीन कशा गेल्या ते माझ्या बायकोला विचारा, ती हौसेने सांगते. खाणीच्या ठेकेदाराने, म्हणजे आमच्या मालकांनी, दगड-माती उचलून भरणारा एक जुना परदेशी लोडर आणला होता. बैलगाडीएवढा, स्टिअरिंग नसलेला, एका बाजूची चाकं थांबवून जागच्या जागी गरकन वळणारा. पावसाळ्यात काळ्या मातीत त्याचे चारही टायर रुतायचे. म्हणून मालकांनी टायरांवरून चढवायचे लोखंडी पट्टे मागवले, रणगाड्याला असतात तसे. एका बाजूच्या दोन्ही चाकांना मिळून एक. ते बसवायला मी साडभाऊंचं नाव सुचवलं. माझ्या आयुष्यातला हा एकमेव बरा सल्ला, आणि तोही मीच नासवला.

साडभाऊंना मोठ्या मशीनवर हात टाकायची फार हौस. "एक बार हे जमलं ना, तं सारे खाणीवाले मलेच बलावतीन," ते मला म्हणाले. त्यांनी पट्टे जमिनीवर अंथरले, लोडर त्यांवर चढवला, टायरांतली थोडी हवा सोडली, टोकं वरून ओढून जुळवली, पिना ठोकल्या आणि पुन्हा हवा भरली. मग दोन चाकांच्या मध्ये पट्टा जिथे लोंबतो तिथे हात लावून पाहिला. "चार बोटं झोल. बरोबर बसले जी." आणि हात धुऊन जेवायला गेले.

तो झोल मला बघवेना. मी पायजम्याची नाडीसुद्धा श्वास अडेपर्यंत बांधणारा माणूस. मला वाटलं, ढिला पट्टा पाहून मालक म्हणतील, हा कसला मिस्त्री आणला. मी लोडरच्या ड्रायव्हरला पट्ट्याची एक कडी काढायला सांगितली.

"काय करून राहिले बाबूजी? त्यायनं मोजून ठेवला हाय," तो म्हणाला.

मी हजेरीच्या वहीवर हात ठेवला. तेवढं त्याला पुरलं. त्याने हवा सोडली, डाव्या पट्ट्याची एक कडी काढली, टोकं कशीबशी जोडली, हवा भरली. पट्टा तबल्यासारखा ताणला गेला. मी त्यावर टिचकी मारून जाणकारासारखी मान डोलावली. उजव्याला हात घालणार, तोच मालक आले. पांढऱ्या सफारीत.

लोडर दहा पावलं ऐटीत गेला. वळताना आवळलेल्या पट्ट्याने टायरचं रबर सोललं, पिन तुटली, पट्टा चिखलात पडला, आणि एका बाजूने उघडा पडलेला लोडर जागच्या जागी फिरत मालकांच्या सफारीवर चिखल उडवत राहिला. साडभाऊ धावत आले, मिशीला वरण तसंच. पट्ट्याजवळ बसून त्यांनी बोटाने कड्या मोजल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी ढगांकडे पाहिलं.

"हा पट्टा कोणी बसवला?" मालकांनी विचारलं.

"म्या बसवला जी. मापात चुकलो," साडभाऊ म्हणाले.

त्यानंतर कुठल्याच खाणीने त्यांना बोलावलं नाही. आपल्या गावी, तिगावला, ते संत्र्याच्या बगिच्यांतले मोटारपंप दुरुस्त करत राहिले. नात्यागोत्यात कोणाचं काही चुकलं, की "साडभाऊचं माप" म्हणून हशा व्हायचा. तेही हसायचे. मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा ज्यांनी ज्यांनी तो विनोद केला, त्या सर्वांसाठी लिहून ठेवतो: माप बरोबर होतं. कडी मी काढायला लावली.

हे आधी साळीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगावं म्हणून मागच्या महिन्यात तिगावला गेलो. ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. मी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात बोललो.

"मले ठाव हाय भाऊजी," ती मान वर न करता म्हणाली. "त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं. म्हणे, कोणापाशी बोलू नको, ताईच्या घरची ही बी नोकरी जाईन."

"माझ्यावर रागावले नाहीत?"

"तुमच्यावर काहून रागावतीन जी?" तिने मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. मी सोलू लागलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण रस्त्यानं एखादी मोठी मशीन चालली, का हातचा पाना ठेवून बाहेर जात. दिसेनाशी होये तवर उभे रायत."