शेख बाई आणि पालकांचा पेपर

ऑगस्टचा पहिला रविवार, सकाळचे दहा. जागा: धरणाकाठचं पवनानगर, शेख बाईंच्या घराची पडवी आणि पुढचं अंगण, वर ताडपत्री. हजर: पेपर काढणारी मुलं, भाताची लावणी उरकून आलेले आई-बाप, बाईंचे धाकटे भाऊ युसूफभाई, जीपवाले किसनभाऊ, त्यांची सातवीतली सायली, आणि सतरंज्या, पेनं, चहा ही खाती सांभाळणारी मी. गैरहजर: शेख बाई. हजेरीत त्यांचं नाव या रकान्यात लिहायची माझी ही पहिलीच वेळ. जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आत, त्या गेल्या... पेपर वाटायला घेतले तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच धाकधूक होती. बाई नसताना ही परीक्षा पार पडेल का?

ही परीक्षा मुलांची नव्हे. मुलं पेपर काढतात, आई-बाप सोडवतात, मुलं लाल पेनाने तपासतात. सुरुवात झाली ती गृहपाठावरून. बाई निवृत्त झाल्यावर संध्याकाळी पडवीत मुलांचा अभ्यास घ्यायच्या. एकदा त्यांनी सगळ्या वह्या गोळा केल्या आणि पाहतात तो काय, निबंधापासून शाब्दिक उदाहरणांपर्यंत सगळीकडे आयांचं अक्षर! शिवाय दिवसभर बाईंचा फोन वाजायचा तो वेगळाच. 'बाई, सहावीच्या विज्ञानातला चौथा प्रश्न', 'बाई, भूगोलातली कारणं द्या'. मी शेजारच्या कॅम्पसाइटचं बुकिंग बघते, पण माझाही फोन एवढा वाजत नाही. बाईंनी आयांना बोलावलं, वह्या पुढ्यात ठेवल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "गृहपाठ तुम्ही करता. मग परीक्षाही तुमचीच घ्यायला हवी, नाही का?" आया हसल्या. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंदा, रविवारी किती सतरंज्या मिळतील?"

तो पहिला पेपर आठवला की अजून अंगात उत्साह संचारतो! मुलांना मोकळं रान मिळालं होतं. गणित: 'जीपमध्ये नऊ माणसे बसतात. चालक चौदा बसवतो. क्षमतेपेक्षा किती माणसे जास्त?' किसनभाऊ ताडकन उठले. "ह्यो गणिताचा प्रश्न न्हाई बाई, पोलिसांचा हाय! कुनी काढला?" सायली तेव्हा तिसरीत. तिने बाईंच्या पदराआडून हात वर केला. "घरातच वैरी," म्हणत भाऊ खाली बसले. विज्ञान: 'पावसाळ्यात चिक्की मऊ का पडते?' युसूफभाईंचं लोणावळ्याला चिक्कीचं दुकान. त्यांनी झोकात लिहिलं, 'बरणी उघडी ठेवणाऱ्यामुळे.' त्यांना अर्धाच गुण मिळाला, हवेतल्या ओलाव्याचं नाव घेतलं नाही म्हणून. नागरिकशास्त्र: 'ग्रामसभेला तुम्ही शेवटचे कधी गेलात? न गेल्यास कारणे द्या.' मराठी: 'आई "बघू" म्हणते तेव्हा नेमके काय होते, ते उदाहरणासह स्पष्ट करा.' या प्रश्नाला एकाही आईने हात लावला नाही.

आणि भूगोल! 'लोणावळ्यात पडलेला पाऊस जवळचा समुद्र सोडून लांबच्या समुद्राला का जातो?' शिकलेले पालक पेनाचं टोपण चावत बसले. मुंबईकडचा समुद्र घाटाखाली, आणि आमची इंद्रायणी निघते ती उलट्या दिशेला, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागराला. कोणी डोंगराची लांबलचक माहिती लिहिली, कोणी वाऱ्याची. किसनभाऊंनी लिहिलं, 'उतार तिकडं हाय म्हणून.' मुलांनी पूर्ण गुण दिले. दहावीला दोनदा बसलेले भाऊ तो पेपर पुढचा आठवडाभर जीपच्या काचेला लावून फिरत होते. सोमाटण्यापर्यंतच्या प्रवाशांनी तो वाचला म्हणे.

बाईंचा नियम मात्र कडक होता. 'माहीत नाही' एवढंच लिहिलं तर शून्य. 'माहीत नाही, पण अमक्याला विचारीन' असं नावानिशी लिहिलं तर अर्धे गुण. झालं! दुसऱ्या वर्षी पेपर गोळा केले आणि बाईंचा चेहरा उतरला. येणारं तेवढं सोडून बाकी ठिकाणी एकच ओळ... 'शेख बाईंना विचारीन'. भूमिती, बाईंना विचारीन. शिवकाल, बाईंना विचारीन. भाताला कोणतं खत, तेही बाईंनाच!

"अहो, खतातलं मला काय कळतं?" बाई म्हणाल्या.

किसनभाऊ म्हणाले, "न्हाई कळत, पर तुमी कुनाला तरी इचारून सांगता की. आमाला त्येवढंच बरं पडतं."

तेव्हापासून पेपरच्या माथ्यावर सूचना छापली जाऊ लागली: 'शेख बाईंचे नाव लिहिल्यास शून्य गुण.' लोकांनी पळवाटा काढल्या. 'कोपऱ्यावरच्या घरात विचारीन.' 'युसूफभाईंच्या बहिणीला विचारीन.' मुलं खो खो हसत गुण कापायची. बाईही हसायच्या, पण ते त्यांना लागत असावं. सतरंज्या आवरताना एकदा मला म्हणाल्या, "चार वर्षं झाली मंदा, यांची मान अजून माझ्याकडेच वळते."

आमची शेवटची भेट मे महिन्यातली. बाई खाटेवर पडून होत्या, श्वास पुरत नव्हता, पण माझ्याकडून कामांची उजळणी चालू होती. कागद आला? आला. ताडपत्री? धुऊन ठेवली. तारीख? लावणीनंतरचा रविवार. मग म्हणाल्या, "मी नसताना एकदा घेऊन बघ. माणसं विचारायला शिकली, की नुसती मला विचारायला शिकली, ते तेव्हाच कळेल." असलं बोलणं मला सहन होत नाही. मी चहाच्या कपांचा विषय काढला. दोन आठवड्यांनी सकाळी युसूफभाईंचा फोन आला. "मंदाताई, आपा गेली." एवढंच...

तर, ऑगस्टचा रविवार. यंदा पेपरच्या माथ्यावर ती सूचना नव्हती. सायली म्हणाली होती, "आता कशाला?" पेपर सुरू झाला. पहिला अर्धा तास पावसाशिवाय कसला आवाज नव्हता. माना वर व्हायच्या, बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे वळायच्या, पुन्हा खाली. मला वाटलं, संपलं. कागद कोरे येणार. आणि मागच्या सतरंजीवरून कोणीतरी हळूच विचारलं, "ए भाऊ, ह्यो भूमितीतला कोन कशाने मोजत्यात रं?"

"मला काय ठावं? त्या शेलारांच्या सुनेला इचार, ती शिवणकाम करती."

शेलारांची सून म्हणाली, "कोनाचं नाही येत मला, पण परिघाचं सांगते. घेराचा झगा बेतायचा असतो ना!" तिच्याभोवती चार जणी सरकल्या. युसूफभाई पाकातल्या साखरेवरून विज्ञान समजावू लागले. किसनभाऊंकडे वेग, वेळ, अंतरासाठी रांग लागली. पडवीत असा गलका झाला की विचारू नका! मुलं पर्यवेक्षक, ती ओरडतायत, "बोलायचं नाही! कॉपी आहे ही!" आणि ऐकतंय कोण? सायली रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. "काकू, सगळे एकमेकांना विचारतायत!" मी म्हटलं, "विचारू दे गं."

शेवटचा प्रश्न सायलीचा होता. 'शेख बाई पहिलीत ज्या शाळेत बसल्या, त्या शाळेचे जुने गाव धरणात गेले. त्या शाळेच्या जागेवर किती पाणी आहे? कसे मोजाल?'

"पानी रोज वाढतंय पोरी," किसनभाऊ म्हणाले. "कुठल्या दिवसाचं मागतीस?"

"पप्पा, मोजाल त्या दिवसाचं."

उत्तर कोणालाच येत नव्हतं. पण यंदा नावं वेगवेगळी आली. कोणी धरणावरच्या साहेबांना विचारणार होतं, कोणी मासे धरणाऱ्या मामांना. युसूफभाईंनी लिहिलं, 'हे आपालाच माहीत होते.' सायलीने तो पेपर बराच वेळ हातात धरला. मग लाल पेनाने शून्य काढलं आणि म्हणाली, "चाचा, नियम आहे. कोणाला विचाराल ते लिहिलं नाही." युसूफभाईंनी डोळे पुसले, हसले, पेपर परत मागितला आणि खाली लिहिलं, 'किसनच्या आईला विचारीन.' नुसतं लिहून थांबले नाहीत, छत्री घेऊन गेलेही. आम्ही सगळे मागोमाग.

म्हातारीने ओट्यावरून पाण्याकडे बोट केलं. "देवळाच्या वरल्या अंगाला. मोठ्या खडकाच्या नाकासमोर. शाळंच्या पायरीवर बसून आमी बोरं खायचो. रझिया लय हिशेबी व्हती, बिया मोजून घ्यायची." रझिया म्हणजे आमच्या शेख बाई.

जागा कळली. मामांनी होडी कबूल केली. दोर मी आणला, दर मीटरला गाठ मारली, टोकाला बांधायला वजन युसूफभाईंनी दुकानातून दिलं. पण पाऊस उघडेपर्यंत मामा होडी पाण्यात घालत नाहीत. तेव्हा सध्या त्या प्रश्नाला सगळ्यांना अर्धे गुण आहेत. उरलेले अर्धे सायलीने कोणालाच दिलेले नाहीत, आणि मोजून आल्याशिवाय देणार नाही म्हणते.