दुष्काळातला मोगरा

कणकेची खळ शिजल्याचा वास आला, की मला मिरजगावचा तो चैत्र आठवतो. बाहत्तरच्या दुष्काळाने गावात फूल म्हणून ठेवलं नव्हतं, आणि आमच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आईने पांढरा पतंगी कागद आणला आणि आम्ही दोघींनी अंगणात बसून मोगऱ्याचे गजरे चिकटवले. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "कागदानं कुठं गौर सजते होय?" मला रडूच कोसळलं. आईने मात्र हट्टाने नगरहून फोटोग्राफर बोलावला. तो आला तेव्हा काकूंसकट सगळ्या बायका कैरीची डाळ खात बसल्या होत्या. कॅमेरा लावून त्याने आरास निरखली आणि गौरीपुढचा तांब्या उचलत म्हणाला, "बाई, फुलं लई झकास हायेत. थोडं पानी शिंपडतो, म्हंजे फोटोत टवटवीत दिसतील." आईने झटकन त्याचा हात धरला. "अहो, लगदा होईल! कागद आहे तो." तो बघतच राहिला. बायका खो खो हसल्या, आणि काकूंनी मान खाली घालून वाटीतली डाळ संपवली. तो फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे. दुष्काळात एवढा मोगरा कुठून आणलात, असं कुणी विचारलं, की मी ताठ मानेने सांगते, आमच्याच अंगणातला!