पिशवी न दाखवता

आई चार घरची धुणीभांडी करायची. त्यावरच मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले. काम आटोपून निघताना ती दारात थांबायची आणि कुणी मागायच्या आधीच आपली पिशवी उघडून दाखवायची. आत रिकामा डबा आणि एक ओलं फडकं, एवढंच असायचं.

काल ती मोबाइलवर लिंबाच्या लोणच्याची कृती शोधत होती. वेबसाइट उघडताच कुकीजची सूचना आली आणि तिचा अंगठा लगेच ‘सर्व स्वीकारा’कडे वळला.

“अगं थांब! तू काय काय बघतेस, याची नोंद ठेवू का, असं विचारतायत ते.”

“ठेवू देत की. आपण काय चोरी केलीय?”

पिशवी दाखवतानाही ती हेच म्हणायची. अशा सूचना कायद्याला धरून आहेत का, हे तपासणं ही माझी नोकरी. ‘नाकारा’चं बटण ‘स्वीकारा’एवढंच ठळक हवं, म्हणून मी साहेबांशी भांडते. कुणासाठी भांडते, ते काल कळलं.

“नाही म्हटलं तर कृती दाखवतील का गं?”

“दाखवतील. दाबून तर बघ.”

तिने भीत भीत ‘नाकारा’ दाबलं. कृती उघडली. आईने पिशवी दाखवली नाही, आणि तिला कुणी अडवलं नाही.