बिनमोळीची वाट

न्हावरे गावच्या अंजनाच्या घरी गॅस आला तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. सासूनं, सोजरबाईंनी, शेगडीला हळदकुंकू वाहिलं. नवरा खंडू शिक्रापूरच्या कारखान्यातून येताना पेढे घेऊन आला. अंजना तेवढी तोंड पाडून बसली. आता ही काय रडायची गोष्ट झाली? पण तिचं दुःख खरं होतं आणि कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. गॅस आला म्हणजे सरपण नको, आणि सरपण नको म्हणजे रानात जायला निमित्त नाही.

गावाच्या वरच्या अंगाला वनखात्याचं राखीव रान होतं. बोरी-बाभळी, कमरेएवढं गवत, चिंकाऱ्यांनी पाडलेल्या पाऊलवाटा आणि तीन तळी. लग्न होऊन आल्यापासून अंजना तिथं मोळीला जायची. लाकडं बघता बघता गोळा व्हायची, उरलेला वेळ ही बाई मनसोक्त हिंडायची. पहिल्या दोन तळ्यांचा काठ तिला स्वतःच्या अंगणासारखा पाठ होता. तिसरं तळं मात्र टेकाडापल्याड. डोक्यावर ओझं घेऊन ते टेकाड कोण चढणार, आणि बांधलेली मोळी खाली कुणाच्या भरवशावर टाकणार? थंडीत करकोच्यांचे थवे गावावरून ओरडत तिकडंच जायचे. ते उतरतात कुठं, हे एकदा तरी डोळ्यांनी बघायचं तिच्या फार मनात होतं.

नुसतं हिंडायला जाते म्हणायची तर सोय नव्हती. कामाशिवाय रानात जाणाऱ्या बाईविषयी गाव काय बोलतं, ते मी सांगायला नको. म्हणून अंजनानं शक्कल लढवली. "गॅसवरची भाकरी काय गोड लागत न्हाई बघा," असं ती रोज जेवताना म्हणू लागली. खंडूला आधी काहीच फरक कळला नव्हता. पण बायकोनं इतक्यांदा ऐकवल्यावर त्याच्याही घशाखाली घास उतरेना. चूल पुन्हा पेटली आणि अंजनाचा विळा-दोर खुंटीवरून खाली आला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी रानाच्या तोंडाशीच गार्ड पोपटराव आडवे आले.

"मोळी बंद झाली, अंजनाबाई. वरनं हुकूम आलाय. वाळली काडीसुदिक न्यायची न्हाई."

अंजनानं विळा-दोर पुढं केला. "आवं, मग आम्ही चुलीत काय हात घालायचं का?"

"तुमच्यात गॅस हाय की. खंडूनंच पेढा दिला मला."

तिचं तोंड एवढंसं झालेलं बघून पोपटराव जरा नरमले. "नुसतं फिराया जायचं आसंल तर जावा. बघायला कुणाला बंदी न्हाई."

"नुसतं?" अंजनानं पुन्हा विचारलं.

"व्हय. नुसतं."

तिनं विळा-दोर त्यांच्या हातात दिला आणि सुटली. आधी चालली, मग चक्क पळाली. मोकळ्या डोक्यानं माणूस किती हलकं असतं, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. पहिलं तळं मागं पडलं, दुसरं पडलं. टेकाडावर काट्यांनी पदर धरला, तो तिनं ओढून काढला. घसरली, उठली, आपलंच हसू येऊन पुन्हा चढू लागली. छातीत नुसती धडधड.

वर पोचली आणि पाय जागीच थांबले. खाली तळं पसरलं होतं आणि सगळ्या काठानं करकोचे उभे होते, राखाडी अंगाचे, काळ्या गळ्याचे. यात्रेत असतो तसा कलकल आवाज. तेवढ्यात तिच्या डोक्यावरून आणखी एक थवा आला, पाय खाली सोडून पाण्याशी उतरला. अंजना तिथंच धुळीत मांडी घालून बसली. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

परतायला उन्हं वर आली. सोजरबाई दारात तूर निवडत होत्या. सुनेचं मोकळं डोकं बघून त्यांनी विचारलं, "मोळी कुठंय?"

बंदीचं कारण सांगून सुटता आलं असतं. पण मग उद्या काय सांगायचं? एकदा घरात बसलं की कायमचं बसलं. अंजनानं मन घट्ट केलं.

"मोळी बंद झाली, आत्याबाई. मी फिराया गेल्ते, पल्याडच्या तळ्यावर. आन् हितनं पुढं बी जाणार हाय."

सोजरबाईंचा हात सुपातच थांबला. खंडू जवळपास नाही ना, हे त्यांनी वळून पाहिलं.

"तुझा सासरा व्हता तवा परड्यात भिंतीयेवढं सरपण रचल्यालं आसायचं," त्या हळूच म्हणाल्या. "तरी मी मोळीला जायचीच."

अंजना दोन पावलं जवळ आली.

"पर त्ये टेकाड काय चढाया जमलं न्हाई मला," सोजरबाईंनी सूप बाजूला सारलं. "करकोचं तिथं उतरत्यात व्हय?"

"उतरत्यात," अंजना म्हणाली, आणि सासूच्या शेजारी बसून तिनं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.