मामांच्या मनाचा पंचनामा

रागावणं ही नोकरी असती, तर माझे मामा भोर संस्थानचे दिवाण होऊनच निवृत्त झाले असते. तसं न झाल्यामुळे ते कचेरीत साधे कारकून राहिले आणि रागाचं काम घरी आणून करू लागले. अंघोळीचं पाणी गरम आहे म्हणून रागावत, मग रागावण्यात ते निवलं म्हणूनही रागावत. एकदा नसरापूरच्या पाहुण्यांनी "राग बराच कमी झाला म्हणे तुमचा!" असं कौतुकानं विचारलं, तर मामा असे उखडले की बिचारे चहा न पिताच उठले.

कडेलोट झाला तो आमटीवरून. मीठ चिमूटभर जास्त पडलं होतं. मामांनी पातेलं थेट अंगणात भिरकावलं. मामी रडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि खुंटीला अडकवलं. "आता येक भांडं जरी आपटलं, तर म्या पालीला माझ्या म्हायेरी जानार. न्यायला येऊ नगा." पंचवीस वर्षांच्या संसारात मामी पहिल्यांदाच एवढं बोलल्या. गाठोडं समोर लटकत राहिलं आणि मामांच्या छातीत धडधड सुरू झाली.

वैद्यबुवांनी नाडी धरून सांगितलं, "मनात साचेल ते रोज वहीत लिहा. स्वतःशी मोकळं व्हा." सांगणं सोपं होतं, पण ज्याचं उभं आयुष्य पंचनामे लिहिण्यात गेलं, त्याला मोकळं होणं कुठून जमायचं! पहिल्याच दिवशी मामांनी लिहिलं, "ठिकाण : स्वयंपाकघर. भाकरी एका अंगाने करपलेली मिळून आली. सबब मन नाराज." आणि मला हाक मारली, "मास्तर, पंच म्हणून सही करा!" मी शेजारीच राहणारा शाळामास्तर. एरवी मी त्यांचा भाचा, पण वहीसमोर मास्तर. पोरांचे पेपर बाजूला सारून मी मामांच्या नाराजीवर सह्या करू लागलो. केवढा हा मान! पंचांच्या सहीशिवाय भावना ग्राह्य धरता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. करपलेला तुकडा मुद्देमाल म्हणून पुडीत बांधला होता. तो उंदरांनी खाल्ला, तर त्याचा वेगळा पंचनामा झाला. पण खोटं कशाला बोलू, भांडी आपटायची थांबली. सगळं रीतसर लिहून होईपर्यंत रागच निवून जायचा.

मग एका संध्याकाळी मामी वहीसमोर येऊन बसल्या. "रोज तुमचंच लिवताय. आज माजं बी लिवा."

मामा चपापले, पण जबाब नाकारणं कायद्यात बसत नव्हतं. मामी सांगत गेल्या, मामा जसंच्या तसं लिहीत गेले. "पंचवीस वर्सं सैपाक केला. मीठ जास्त झालं तवा आळीला कळलं. बरं झालं तवा कुनालाच कळलं न्हाई. मला पालीला जायाचं न्हाई. पन हितं माजं कोन हाय, त्ये बी ठावं न्हाई."

जबाब देणाऱ्याला वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा, ही कचेरीची रीत. मामा ठणठणीत आवाजात वाचू लागले. 'मला पालीला'पर्यंत आवाज टिकला. पुढं वाचवेना. मी वहीकडे हात नेला, तर "पंचांनी मध्ये पडू नये!" म्हणून माझ्यावर खेकसले, डोळे पुसले आणि शेवटपर्यंत वाचूनच दाखवलं. खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, "जबाब खरा आहे. कबूल." मामींनी अंगठा उठवला आणि जाऊन खुंटीवरचं गाठोडं सोडलं.

तेव्हापासून वहीत कालवणाची तारीफ येऊ लागली. ती रोज दिवेलागणीला वाचून दाखवली जायची आणि मामी हसत अंगठा द्यायच्या. तोंडानं सरळ 'छान झालंय' म्हणायला मामांची जीभ अखेरपर्यंत वळली नाही; शेवटी कारकूनच तो!

आधी मामी गेल्या, दोन वर्षांनी मामाही. वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय, "आज आमटी मीच केली. खारट झाली. सगळी खाल्ली. वाचून दाखविले." खाली अंगठ्यापुरती जागा कोरी सोडलेली आहे.