कच्चा तुकडा

आमच्या कारखान्यात टायटॅनियमची भुकटी साच्यात दाबून तुकडे करतात. भट्टीत जाईपर्यंत तुकडा कच्चाच असतो. अंगठा जरा जोरात टेकला तरी कडेचा चुरा होतो. म्हणून तो नेताना कुणी बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे.

आज प्रेसवरचे सदाकाका ट्रे घेऊन भट्टीकडे निघाले. मी रीत विसरून विचारलं, "काकू कशा आहेत?"

ते चालत राहिले. ट्रे आत ठेवला, भट्टीचं दार लावलं आणि मग म्हणाले, "काल तिनं मला ओळखलं नाही."

दिवसभराच्या शिणानं दोघंही बाकावर टेकलो. भट्टीतली हवा पंपानं काढून टाकलेली असते, उरते ती नुसती धग. तिथे भुकटी वितळत नाही. कण एकमेकांना टेकून तापत राहतात आणि तसेच एकजीव होतात. तुकडा थोडा आकसतो, पण मग सहसा मोडत नाही. संसारही असेच होत असावेत. पण त्यातलं एक माणूस सुटू लागलं, तर दुसऱ्यानं काय करायचं?

मी काकांकडे पाहिलं. ट्रे केव्हाच आत गेला होता. त्यांचे हात मात्र अजून तसेच पुढे होते, काहीतरी जपून धरल्यासारखे.